शाळेच्या नावावर भरलेली पेठ

जून उजाडला की नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा या वस्त्यांतून वह्या, दप्तरे आणि गणवेश यांची धांदल सुरू होते. आपल्याकडील जुन्या मराठी घरांना ती चांगली परिचयाची आहे. अलीकडे तिच्या जोडीला आणखी एक धांदल आली असून ती हातातल्या फोनवर चालते. मुलाचे नाव पटावर चढले की आईचा किंवा वडिलांचा क्रमांक वर्गाच्या वॉट्सॲप-गटात दाखल होतो. उद्याचा गृहपाठ, बसची वेळ, फीची मुदत हे सारे तेथेच कळते. चार दिवस जात नाहीत तोच या सूचनांच्या मधून अबॅकसचे वर्ग, शिकवण्या, वाढदिवसाचे केक, विम्याच्या योजना आणि शहराबाहेरचे भूखंड डोकावू लागतात.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. ज्याला नको त्याने वाचू नये, हे उत्तरही तयार असते. परंतु प्रकरण इतके सोपे नाही.

विक्रेत्याला असा गट म्हणजे आयता चाळून ठेवलेला गिऱ्हाइकांचा ढीग वाटतो. मुले एका वयाची, घरे जवळपासची, भरलेल्या फीवरून ऐपतीचाही अंदाज आलेला. शिवाय जाहिरातीला एक पैचा खर्च नाही. याहून मोठा लाभ म्हणजे शाळेचे नाव. रस्त्यावरच्या फलकाकडे आपण संशयाने पाहतो. पण आपल्या मुलीच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या आईने शिफारस केली तर तो संशय गळून पडतो. ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत टपरवेअर कंपनीने १९५१ साली आपले डबे दुकानांतून काढून घेतले आणि ते घरगुती मेळाव्यांतून, ओळखीच्या बायकांकरवी विकण्यास आरंभ केला. मात्र त्या मेळाव्याला न जाण्याची मुभा प्रत्येकीला होती. वर्गाच्या गटातून बाहेर पडण्याची सोय नाही, कारण उद्या शाळेला सुट्टी आहे की नाही, हेही तेथेच कळावयाचे असते.

शाळा आणि व्यापार यांचा संबंध पूर्वी नव्हता असे नाही. निजामाच्या राजवटीत १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी राहिली, ती समाजाच्या आधारावर. शाळांच्या वार्षिक अंकांतून आणि स्मरणिकांतून कापडवाले, पुस्तकवाले, सराफ यांच्या जाहिराती येत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. तेथे जाहिरात ही जाहिरात म्हणूनच छापलेली असे, खाली दुकानाचे नाव असे आणि पानाचे मोल संस्थेच्या पदरी पडे. आजच्या गटातील जाहिरात सल्ल्याच्या वेषात येते. तिचे मोल शाळेला मिळत नाही. ते पालकांच्या परस्पर विश्वासातून वळते होते.

नल्लकुंट्याला शिकवणीचा व्यवसायही नवा नाही. चुक्का रामय्या यांनी १९८० च्या दशकात येथे आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेण्यास सुरुवात केली आणि पुढे त्या शिकवणीत जागा मिळावी म्हणून वेगळी परीक्षा द्यावी लागू लागली. लोक त्यांना ‘आयआयटी रामय्या’ म्हणूनच ओळखू लागले. तेथे विद्यार्थी शिकवणीकडे जात असे. आता शिकवणीच आईच्या ओळखीने घरात शिरते. वर्गाला शिकवणाऱ्या बाईंच्याच शिकवणीचे पत्रक गटात आले, तर कोणता पालक मोकळ्या मनाने नाही म्हणू शकेल? याच भीतीपोटी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींसाठी नियम काढले. निवडीची किंवा गुणांची हमी देऊ नये, यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून वापरू नये, असे ते सांगतात. वर्तमानपत्रातील जाहिरातीवर सर्वांची नजर असते. पन्नास घरांच्या बंद गटात काय चालते, हे पाहणारा तेथे बहुधा कोणी नसतो.

हैदराबादच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी २०२४ च्या शालेय वर्षारंभी खासगी शाळांना आवारात गणवेश, बूट आणि पट्टे विकण्यास मनाई केली. आदेश योग्यच होता. पण फाटकाशी बंद झालेले दुकान फोनवर पुन्हा उघडता येते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाजणी, मेतकूट, दिवाळीचा फराळ करून घराला हातभार लावणाऱ्या गृहिणी आपल्या मराठी घरांतूनही आहेत. मोठ्या कंपनीला चौकातला फलक परवडतो. या बाईजवळ ओळखीपलीकडे भांडवल नसते. तिला सरसकट गप्प बसवणे हा न्याय नव्हे. तिच्यासाठी वेगळा गट काढावा, ज्याला हवे त्याने तेथे आपण होऊन यावे आणि विकणाऱ्याने ‘हा माझा स्वतःचा व्यवसाय आहे’ असे पहिल्याच ओळीत सांगावे. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असलेला हितसंबंध उघड व्हावा, हे तत्त्व २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय नियमांतही आले आहे. शिक्षकांनी मात्र कोणत्याच गटात काही विकू नये. आणि पालकांच्या क्रमांकांची यादी कोणाही व्यापाऱ्याच्या हाती जाऊ नये, ही जबाबदारी शाळेने व गट चालवणाऱ्या पालकांनी पत्करली पाहिजे.

एवढी काळजी कशासाठी? केवळ फोनवरची कटकट टळावी म्हणून नव्हे. अमेरिकेत १८९७ साली मातांच्या परिषदेतून पालक-शिक्षक संघाची चळवळ निघाली. तिने स्वतःला घालून घेतलेल्या बंधनांत एक महत्त्वाचे बंधन असे, की संघाने कोणत्याही व्यापारी हिताशी आपले नाव जोडू नये. आपल्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समिती नेमून तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरवले; विनाअनुदानित खासगी शाळांना ती सक्ती नाही. म्हणजे ज्या शाळांतून आज आपली पुष्कळशी मुले शिकतात, तेथे पालकांना एकमेकांशी बोलण्याची जागा म्हणून अनेकदा हा गटच काय तो उरतो.

तो गट पेठ झाला की दोन गोष्टी घडतात. कंटाळलेले पालक गटाचा आवाज बंद करून ठेवतात, आणि मग बसला उशीर झाल्याची किंवा वर्गात साथ पसरल्याची खबरही त्या गर्दीत हरवते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्याचा धंदा शाळेच्या आणि इतर पालकांच्या मर्जीवर चालू लागला, तो पालक फीवाढीबद्दल प्रश्न विचारताना कचरतो. त्याच्याकडून माल घेणारे त्याला दुखवू इच्छीत नाहीत. ज्याला काहीच घेणे परवडत नाही, तो तर आधीच संकोचाने मुका झालेला असतो. अशा रीतीने पन्नास पालकांचा गट पन्नास गिऱ्हाइकांचा होतो, आणि गिऱ्हाइकांनी एकजुटीने शाळेला जाब विचारल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

पुढच्या जूनमध्ये नवे गट निघतील. पहिला संदेश वेळापत्रकाचा असेल. त्यापाठोपाठ दुसरा संदेश पालकांनीच लिहावा: या गटात काय चालेल, काय चालणार नाही आणि विक्रीची जागा कोठे आहे. नियम आरंभीच ठरला तर तो कोणा एकाविरुद्ध केल्यासारखा वाटत नाही, आणि तो पाळताना शेजारधर्मही सांभाळता येतो.