मार्था मॅकनेस ही कुणाच्या दुःखाची तळटीप नव्हे

१/ जॅक द रिपरच्या तपासामुळे इन्स्पेक्टर फ्रेडरिक अ‍ॅबरलाईनचे नाव जगभर पोहोचले. त्याच्या चरित्रात एक वाक्य हमखास आढळते : मार्च १८६८ मध्ये त्याने मार्था मॅकनेसशी विवाह केला आणि दोनच महिन्यांत ती क्षयाने वारली. वय अवघे २५. पुढच्याच वाक्यात लेखक पुन्हा अ‍ॅबरलाईनकडे वळतो. आक्षेप या वळण्यालाच आहे.

२/ २००१ च्या 'फ्रॉम हेल' चित्रपटातील अ‍ॅबरलाईन पत्नीशोकाने पोखरलेला आणि अफूच्या आहारी गेलेला आहे. त्याच्या मृत पत्नीचे नाव तिथे व्हिक्टोरिया, मृत्यूचे कारण बाळंतपण. कथेला नायकाचे दुःख गडद करणारी एक मृत पत्नी हवी होती. ती कोण आणि कशाने गेली, हे दुय्यम होते.

३/ चित्रपटाला स्वातंत्र्य असते, हे मान्य. पण इतिहासप्रेमी जेव्हा हेच चित्र चरित्र म्हणून पुढे पाठवतात, तेव्हा प्रश्न उभा राहतो. पडद्यावरचा अ‍ॅबरलाईन अफूने मरतो. खऱ्या अ‍ॅबरलाईनने १८७६ मध्ये एमा बीमेंटशी दुसरा विवाह केला, अर्धशतकाहून अधिक काळ संसार केला आणि १९२९ मध्ये बोर्नमथ येथे ८६ वर्षांचा होऊन देह ठेवला.

४/ कालक्रमही पाहावा. मार्थाच्या विवाहाच्या वेळी तो केवळ एक पोलीस सार्जंट होता. व्हाइटचॅपलमध्ये त्याची नेमणूक १८७३ ची. रिपरचे हत्याकांड १८८८ चे. म्हणजे मार्था 'प्रसिद्ध गुप्तहेराची पत्नी' कधीच नव्हती. ज्या कीर्तीच्या उजेडात तिला पाहिले जाते, ती तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी आली.

५/ आता तिचा आजार. क्षय सहसा दोन महिन्यांत उद्भवून माणसाला नेत नाही. विवाहाच्या वेळी तो तिच्या शरीरात असण्याचीच शक्यता अधिक. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे तिच्यानंतर चौदा वर्षांनी. कारण अज्ञात, औषध नाही. खोकत्या वधूचे ते दोन महिने हा इतिहासाचा विषय आहे. नायकाच्या खिन्नतेची पार्श्वभूमी नव्हे.

६/ "तिच्याविषयी कागदच नाहीत, लिहायचे काय?" हा नेहमीचा बचाव. पण कागद का नाहीत, हाच तर प्रश्न! इंग्लंडमध्ये १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यात वधूवरांच्या पित्याचे नाव आणि व्यवसाय यांना रकाना होता; मातेला नव्हता. तो रकाना आला थेट २०२१ मध्ये.

७/ विवाहित स्त्री वारली की मृत्यूनोंदीत व्यवसायाच्या रकान्यात बहुधा 'अमक्याची पत्नी' असे लिहीत आणि पुढे पतीचा हुद्दा. १८७० चा कायदा येईपर्यंत तिने कमावलेली मजुरीदेखील कायद्याने पतीचीच. आजचा लेखक तिला 'अ‍ॅबरलाईनची पहिली पत्नी' एवढ्यावर संपवतो, तेव्हा तो इतिहास लिहीत नसतो; त्या काळच्या कारकुनाची लेखणी पुढे चालवत असतो.

८/ दुसरा मार्ग आहे, हे हॅली रुबेनहोल्ड यांनी 'द फाइव्ह' (२०१९) या ग्रंथात दाखवले. रिपरने मारलेल्या पाच स्त्रियांची आयुष्ये त्यांनी मांडली आणि खुनी कोण हा प्रश्न बाजूला ठेवला. पुरावा तोच, फक्त विचारणाऱ्याचे तोंड दुसऱ्या दिशेला.

९/ त्या पाचांपैकी अ‍ॅनी चॅपमनच्या शवचिकित्सेत डॉक्टरांना फुप्फुसाचा जुना विकार आढळला होता. सुरा चालला नसता तरी तिचे दिवस थोडेच उरले होते. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये तरुण माणसे सर्वाधिक मारली ती कोणा अंधारातल्या मारेकऱ्याने नव्हे, रोगाने. पण रोगाला टोपणनाव नसते आणि त्याच्यावर पर्यटनही चालत नाही.

१०/ मार्थाची काल्पनिक प्रेमपत्रे रचा, असे कोणी म्हणत नाही. तसे करणे हा दुसरा अन्याय ठरेल. मागणी साधी आहे : तिच्या वाक्याचा कर्ता तिला होऊ द्या. 'अ‍ॅबरलाईनने पत्नी गमावली' असे न लिहिता 'मार्था मॅकनेस पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेली' असे लिहा. व्याकरणातला हा बदल लहान आहे. इतिहासलेखनातील न्याय पुष्कळदा तेवढ्यापासूनच सुरू होतो.