उक्त, अनुक्त, दुरुक्त

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशातील शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली. त्या दिवसांत असंख्य घरांत एक दृश्य रोज दिसत असे. मूल वहीच्या पानाचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर गुरुजींना पाठवी आणि काही वेळाने पलीकडून उत्तर म्हणून उंचावलेला अंगठा येई. एकेकाळी निरक्षराची खूण असलेला अंगठा त्या काळात शिक्षकाचा शेरा झाला. त्यात शिक्षकांचा दोष नव्हता. साठ-सत्तर मुलांच्या वह्या भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर तपासणाऱ्याने आणखी काय करावे? पुढे टाळेबंदी उठली, वर्ग भरू लागले. तो अंगठा मात्र गेला नाही. ऑनलाइन शिक्षणाच्या आजच्या रचनेत तो निरनिराळ्या रूपांत टिकून आहे आणि म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ऑनलाइन शिक्षण हे आता संकटकाळातील पर्यायी साधन राहिलेले नाही. देशातील आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयं’ हे व्यासपीठ सुरू केले. पदवी अभ्यासक्रमाच्या एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’च्या माध्यमातून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांनी दिली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ इमारती बांधून ते साधणार नाही, हे उघड आहे. नंदुरबारच्या पाड्यावरील किंवा गडचिरोलीच्या दुर्गम गावातील मुलीला देशातील उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या आणि विनामूल्य ऐकता यावीत, हा संकल्प स्तुत्यच आहे. त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो व्याख्यान संपल्यानंतरचा. ती मुलगी व्याख्यान ऐकते, टिपणे वाचते आणि आठवड्याचा स्वाध्याय सोडवून पाठविते. चार पर्यायांतून एक निवडावयाचा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न बहुधा असतात आणि ते यंत्रच तपासते. पडद्यावर उमटते : दहापैकी सहा. चार प्रश्न चुकले, हे तिला कळते. योग्य पर्याय कोणता, हेही कधी कळते. परंतु आपण चुकलो ते का, संकल्पनाच समजली नाही, की समजली पण प्रश्नाची इंग्रजी भाषा कळली नाही, की केवळ घाई झाली, हे तिला कोण सांगणार? शहरातील मुलीला शिकवणीचे सर आहेत, शिकलेले आईवडील आहेत. घराण्यातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलीला यांतले काहीच नाही. ज्या विद्यार्थ्यासाठी ही व्यवस्था उभी केली, नेमका तोच ‘दहापैकी सहा’ या आकड्यापाशी एकटा पडतो. दोन-तीन आठवडे असे गेले, की तो व्याख्याने ऐकणेच सोडून देतो. या गळतीची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

दूरस्थ शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर ही उणीव अधिकच खटकते. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवावा आणि पिटमन यांनी तो दुरुस्त करून परत धाडावा, अशी ती पद्धत होती. म्हणजे दूरस्थ शिक्षणाचा प्राण त्या दुरुस्तीत होता. आपल्याकडे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त विद्यापीठांच्या परंपरेत समुपदेशकाने स्वाध्यायावर लिहावयाच्या शेऱ्याला अध्यापनाचाच भाग मानले गेले आहे. ‘ठीक’, ‘चांगले’ असे शेरे पोकळ असून विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग नाही, अशी जाणीवही तेथील समुपदेशकांना करून दिली जाते. प्रत्यक्षात ते नेहमी पाळले जाते असे नाही. परंतु तत्त्व मान्य होते. आजच्या ऑनलाइन रचनेत व्याख्यान घरोघरी पोहोचले, शेरा मात्र वाटेतच राहिला.

याचे मूळ एका जुन्या मानसिकतेत आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळे होती. शिकविणे हे त्यांचे काम नव्हते. विद्यार्थी पास की नापास एवढेच सांगावयाचे, तो कोठे अडला हे पाहावयाचे नाही, ही वसाहतकालीन सवय आपल्या शिक्षणाच्या हाडीमाशी खिळली. संगणक आला तरी ती गेली नाही, उलट अधिक वेगवान झाली. जो निकाल पूर्वी दोन महिन्यांनी लागे, तो आता दोन क्षणांत लागतो. निकाल आणि अभिप्राय या दोन भिन्न गोष्टी आहेत. निकाल झाल्या कामाचा न्याय करतो. अभिप्राय पुढच्या कामाची वाट दाखवितो.

अभिप्राय कसा असावा, यासाठी परकीय आदर्श शोधीत बसण्याचे कारण नाही. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके लिहिली. वार्तिककाराचे काम कोणते, हे आपल्या शास्त्रपरंपरेने नेमके सांगून ठेवले आहे. उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार त्याने करावयाचा असतो. जे म्हटले आहे ते काय, जे म्हणावयाचे राहून गेले ते काय आणि जे चुकीचे म्हटले गेले ते काय, या तीन प्रश्नांत अभिप्रायाचे सारे शास्त्र आले. यात आणखी एक मर्म आहे. पाणिनीसारख्या आचार्यालाही ही तपासणी चुकली नाही आणि त्याने त्याचा अवमानही झाला नाही. ज्याचे म्हणणे गांभीर्याने घ्यावयाचे, त्याच्याच ग्रंथावर वार्तिक लिहिले जाते. विद्यार्थ्याच्या उत्तरावर विचारपूर्वक चार ओळी लिहिणे हा त्याचा केलेला सन्मानच होय.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळावर एखाद्या विद्यार्थिनीने उत्तर लिहिले : पाऊस झाला नाही म्हणून दुष्काळ पडला, लोकांचे हाल झाले, त्यामुळे सरकारने १९७२ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. यावर ‘बरे आहे, अधिक सविस्तर लिहा’ असा शेरा पडला, तर तिच्या हाती काय लागले? काय सविस्तर लिहावयाचे, हेच तर तिला ठाऊक नाही. आता हाच शेरा वार्तिककाराच्या रीतीने लिहून पाहावा. ‘पावसाची तूट हे कारण तू बरोबर ओळखले आहेस. दुष्काळी कामांवर लक्षावधी माणसे राबली, हे मात्र तुझ्या उत्तरात आले नाही. रोजगार हमीचा कायदा १९७२ मध्ये झाला नाही. तो १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मधल्या वर्षांत काय घडले ते शोध. घरातील किंवा शेजारचे कोणी वडीलधारे त्या वर्षी खडी फोडावयास गेले होते का, तेव्हा वाटली जाणारी सुकडी त्यांना आठवते का, हे विचार आणि त्यावर दोन ओळी जोडून उत्तर पुन्हा पाठव.’ हे लिहावयास पाच-सात मिनिटे लागतात. परंतु या शेऱ्याने ती मुलगी पुन्हा पुस्तकाकडे वळेल, आजीपाशी जाऊन बसेल आणि इतिहास म्हणजे पाठ करावयाच्या सनावळ्या नव्हेत, हे तिला उमगेल.

आधुनिक संशोधनही याहून वेगळे सांगत नाही. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाला केवळ गुण, दुसऱ्याला केवळ लेखी अभिप्राय आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. प्रगती दिसली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या गटात. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्या मुलांना अभिप्रायाचा लाभ झाला नाही. गुण दिसले की मुलाचे लक्ष तेथेच थांबते, असा याचा अर्थ. तेव्हा अभिप्राय आधी, दुरुस्तीची संधी त्यानंतर आणि गुण शेवटी, असा क्रम ऑनलाइन अभ्यासक्रमांत सहज बसविता येईल. अभिप्राय वेळेवर येणेही तितकेच महत्त्वाचे. पुढील स्वाध्याय पाठवून झाल्यावर हाती पडलेला मागील स्वाध्यायाचा शेरा म्हणजे वरात गेल्यावर वाजविलेली सनई होय.

यावर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. एका अभ्यासक्रमाला पाचशे विद्यार्थी असले आणि प्रत्येकाच्या उत्तराला दहा मिनिटे दिली, तर एका स्वाध्यायासाठी त्र्याऐंशी तास लागतात. कोणत्याही एका प्राध्यापकाला हे शक्य नाही. परंतु पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक असेल, तर त्याचे काम चार-सव्वाचार तासांचे उरते. व्याख्यान एकाचे असावे, अभिप्राय देणारे हात अनेक असावेत. हेही आपल्याला नवे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथे असलेले स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांना शिकविण्याची पद्धत आपल्या संस्थेत राबवून त्यांनी १७९७ मध्ये लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि ती पद्धत इंग्लंडात फोफावली. तिची मुळे भारतीय पाठशाळांत होती, याकडे धरमपाल यांनी १९८३ मधील ‘द ब्यूटिफुल ट्री’ या ग्रंथातून लक्ष वेधले. जे आपण जगाला दिले, ते आपल्याच मुलांसाठी योजण्यात संकोच कसला? मागील वर्षी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या गुणी विद्यार्थ्यांना मार्गदर्शक म्हणून जोडून घ्यावे आणि त्यांच्या कामाला श्रेयांक द्यावेत.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यामुळे आता माणसाची गरजच उरली नाही, असे म्हणणारेही भेटतात. यंत्र शुद्धलेखन दाखवील, गणितातील चुकलेली पायरी शोधील. ते साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु विद्यार्थी यंत्राकडून उत्तर लिहून घेतो आणि दुसरे यंत्र ते तपासते, अशी स्थिती आली तर शिकले कोण? त्यावर उपाय एकच. मार्गदर्शकाने महिन्यातून पाच मिनिटे तरी विद्यार्थ्याशी दूरध्वनीवर बोलावे आणि त्याने लिहिलेले त्याच्याच तोंडून ऐकावे. हे संभाषण त्याच्या मातृभाषेत व्हावे. व्याख्यान इंग्रजीत असले तरी चूक आपल्या भाषेत समजावली, तर ती लवकर सुधारते आणि मुलाची भीडही चेपते.

शासनाने आणि विद्यापीठांनी अभिप्रायासाठी लागणारा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात मोजावयास हवा, अन्यथा हे सारे शिक्षकांच्या सदिच्छेवर अवलंबून राहील. परंतु सारेच शासनाने करावे, ही अपेक्षा समाजाला शोभणारी नाही. पत्रके वाटून कार्यकर्ता घडत नाही, घरी जाऊन केलेल्या विचारपुशीने घडतो, हा संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. गावोगावच्या निवृत्त शिक्षकांनी, बँकेतून आणि कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या सुशिक्षितांनी पाच-पाच मुले वाटून घेतली आणि वस्तीतील अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांचे स्वाध्याय वाचले, तर ‘दहापैकी सहा’पाशी थांबलेली कितीतरी मुले पुढे सरकतील. आणि घरोघरच्या आईवडिलांनी एवढे करावे. मुलाचा स्वाध्याय तपासून आला, की ‘किती मिळाले?’ असे विचारण्याऐवजी ‘सरांनी काय सांगितले?’ असे विचारावे. सरांनी काहीच सांगितले नसेल, तर सांगावे असा आग्रह संस्थेकडे धरावा. पडद्यावरील अंगठ्याच्या जागी चार अर्थपूर्ण ओळी येतील, तेव्हाच ज्ञानगंगा खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचली असे म्हणता येईल.