शिळेवर आकडा आहे, नावं शोधा

रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतल्या जुन्या गावांतून हिंडताना चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी कधीकधी दिसते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. रंगकाम करताना पाटीवरही चुना फासलेला असतो, त्यामुळे ती वाचायला जरा नख लावावं लागतं.

माझं सांगणं या पाट्यांबद्दल आहे. त्या आकड्यामागची बरीचशी नावं आता घरबसल्या, एक पैसाही न देता शोधता येतात. ती तुम्ही शोधावीत. विद्यापीठातला संशोधक हे काम तुमच्याइतकं चांगलं करू शकणार नाही. वाडीवरच्या विठू कदमाला दोन भाऊ होते आणि धाकट्याचं सासर पलीकडच्या गावात होतं, हे त्याला कोण सांगणार?

शोधायचं ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर. ही संस्था 1917 साली स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्या सुमारे 17 लाख माणसांची नोंद तिच्याकडे आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून 10 लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे 74 हजार मेली. मराठा पलटणींतले बहुतेक जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ नोंदी बसऱ्याच्या स्मारकाखाली सापडतात. हे स्मारक 1929 साली उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. म्हणजे गावात जे झालं तेच बसऱ्यात झालं. या भेदभावाबद्दल कमिशनने 2021 साली अहवाल काढून माफी मागितली. त्या शिपायांची नावं कागदावरच्या याद्यांमध्ये होती. त्याच आता संगणकावर आल्या आहेत.

पण तिथे जाऊन शोधखिडकीत ‘जाधव’ टाकलं, समोर काही आलं नाही आणि पान मिटलं, असं करू नका. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. ही नावं ज्यांनी लिहिली त्यांना मराठी येत नव्हतं. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, पुढच्याने वाचता आलं तसं उतरवलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव घ्या. एवढा मोठा मान मिळालेला माणूस, तरी काही इंग्रजी कागदांत त्यांच्या आडनावातला ‘एच’ गळालेला आहे. मग बसऱ्याला तापाने गेलेल्या शिपायाच्या आडनावाची काय कथा! शिंदे, मोरे, मोहिते यांच्या शेवटी ‘ई’ असेल, ‘वाय’ असेल किंवा ‘ए’ आणि ‘वाय’ दोन्ही असतील. सावंतात ‘डब्ल्यू’ किंवा ‘व्ही’. कदमांत ‘ए’च्या जागी ‘यू’. सगळी रूपं टाकून पाहा. आणखी एक घोळ असा की हिंदी नावांत आडनाव कुठलं हे न कळल्याने अख्खं नाव आडनावाच्याच रकान्यात घातलेलं असतं, तर कधी आडनाव नसतंच. तेव्हा आडनावाच्या जागी ‘राघो’, ‘भिकू’, ‘सखाराम’ असं नुसतं नाव टाकूनही बघा.

याहून चांगली वाट गावाच्या नावाची आहे. अनेक नोंदींना ‘अधिक माहिती’ जोडलेली असते. अमक्याचा मुलगा किंवा अमकीचा नवरा, गाव, तालुका, जिल्हा, मुंबई इलाखा, अशी. संकेतस्थळाच्या विस्तृत शोधात या मजकुरातही शोधता येतं. तिथे आधी तालुका टाका, मग गाव. मात्र नकाशा तेव्हाचा धरा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याआधीचं मालवण, देवगड रत्नागिरीतच सापडणार. रायगड तेव्हा कुलाबा होता. सांगली जिल्हा नव्हता, त्यातला बराच भाग साताऱ्यात होता. सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं. आणि खेड दोन आहेत, एक रत्नागिरीतलं, एक पुण्यातलं. या दोघांनी भल्याभल्यांना चकवलं आहे.

पलटणीचंही तसंच. घरात सांगतात, ‘आमचे पणजोबा पाचव्या मराठ्यात होते.’ पाचवी मराठा हे नाव 1922 च्या फेररचनेनंतरचं. महायुद्धाच्या वेळी मराठा पलटणींचे क्रमांक होते 103, 105, 110, 114, 116 आणि 117. त्यांतल्या 103, 110 आणि 117 पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या काठाने वर गेल्या आणि कुत या गावी वेढ्यात अडकल्या. हा वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला आणि 29 एप्रिल 1916 ला सैन्याने शरणागती पत्करली. नंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत मेलेल्यांची तारीख पलटणीने अंदाजाने लावलेली असू शकते. घरी सांगितली जाणारी तारीख आणि नोंदीतली तारीख जुळली नाही तर लगेच नोंद खोटी ठरवू नका, आणि आजीलाही खोटं पाडू नका.

सगळे काही मराठा पलटणींतच गेले नाहीत. 111 महार ही पलटण 1917 साली उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये माणसं होती. खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, पाणके, हमाल असे ‘फॉलोअर’ म्हणून गेलेले तर कित्येक. त्यांना दिलेलं युद्धपदक काशाचं होतं, शिपायाचं चांदीचं. घरातलं पदक काशाचं आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. ते कोणाला मिळालं हे त्यावरून कळतं. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन वाचा, सूर्यप्रकाश तिरका पडेल असं धरा आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. दसऱ्याला घासघासून नाव पुसून टाकलेली पदकं महाराष्ट्रात किती असतील! मेलेल्याच्या घरी काशाची एक गोल, तळहातापेक्षा मोठी चकतीही येत असे. तिच्यावर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही. क्रमांक हाती आला की शोध अर्धा सोपा होतो, कारण एका पलटणीत चार ‘राम पवार’ असू शकतात, पण क्रमांक एकाचाच.

म्हणूनच नाव जुळलं की लगेच हार घालू नका. बापाचं नाव, गाव, पलटण, यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. तेवढ्या जुळत नसतील तर ‘हा असू शकतो’ असं लिहून ठेवा आणि पुढे चला. वंशावळीत जबरदस्तीने बसवलेला हुतात्मा नंतर फार त्रास देतो. व्हॉट्सॲपवर एकदा गेलेली चूक मागे घेता येत नाही.

परत आलेले पणजोबा या नोंदीत मिळणार नाहीत. ती फक्त मेलेल्यांची यादी आहे, आणि पहिल्या महायुद्धापुरती तीही 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातल्या मृत्यूंची. घरी आलेल्यांसाठी पेन्शनची कागदं, पदकं आणि जमिनीचे फेरफार बघावे लागतात. वारसनोंदीत बापाचं नाव आणि गेल्याचं साल मिळतं. जुन्या फेरफारांच्या छायाप्रती काही जिल्ह्यांपुरत्या राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आहेत. शौर्यपदक मिळालं असेल तर ‘लंडन गॅझेट’च्या जुन्या अंकांत शोधा, तेही फुकट आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ 2015 पासून सुरू आहे. तिथे युद्धकाळातल्या सरकारी फायली चाळता येतात. मात्र तिथे शिपायाचं नाव क्वचितच लागेल, कारण फायली विषयाने लावलेल्या आहेत. तेव्हा पलटणीचं किंवा लढाईचं नाव टाका.

सापडलेलं प्रत्येक पान लगेच उतरवून घ्या. 2023 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि अवघ्या जगाने वापरलेला तिचा डिजिटल संग्रह महिनोन् महिने बंद राहिला. हे त्या ग्रंथालयाचं झालं, तर बाकीच्यांचं काय? पानाचा फोटो, नोंदीचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख वहीत लिहा. वॉर ग्रेव्ह्जच्या संकेतस्थळावरून शोधाची अख्खी यादी तक्ता म्हणून उतरवता येते. एका तालुक्याची यादी काढून ती शाळेतल्या मुलांना वाटून द्या. मुलं संगणकावर पटपट शोधतील. पण ‘हा आपल्या वाडीचा का?’ हे म्हाताऱ्यांनाच विचारायला हवं, आणि ती माणसं आता थोडी राहिली आहेत. मुंबईकर मंडळी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतात, तेव्हा यादी देवळात वाचून दाखवली तर एका दुपारी जेवढं कळेल तेवढं महिनाभर फोन करूनही कळणार नाही.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांनी आणखी एक यादी पाहावी. बोटींवर खलाशी, आगवाले म्हणून गेलेल्यांपैकी 2 हजारांहून अधिक जणांची नोंद मुंबईच्या 1914-1918 स्मारकाखाली आहे. शिपायांच्या यादीत न सापडलेला माणूस कदाचित समुद्रावर गेला असेल. बुडालेल्या बोटीचं नाव घरात कोणाला आठवत असेल तर तेही टिपून ठेवा.

आणि नोंदीत चूक दिसली, गावाचं नाव विचित्र झालेलं दिसलं, माणूस यादीतच नाही असं लक्षात आलं, तर गप्प बसू नका. कमिशन दुरुस्त्या स्वीकारतं, फक्त पुरावा मागतं. पदकाच्या कडेचा फोटो, पेन्शनचं पुस्तक, वारसनोंद, जे असेल ते साध्या इंग्रजीत दोन ओळी लिहून पाठवा. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या मास्तरांना गाठा. उत्तराला वेळ लागतो, कधी आणखी कागद मागतात. पाठवलेल्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे तुम्ही नसताना उत्तर आलं तरी ते कुणाला तरी समजेल.