भूमिका वठवण्यापूर्वी

ऐतिहासिक आंतरराष्ट्रीय परिषद वर्गात भरवण्याचा उपक्रम आता नवा राहिलेला नाही. बाकांची मांडणी होते, देशांच्या पाट्या लागतात, भाषणे पाठ केली जातात आणि टाळ्याही मिळतात. परंतु पाठांतर म्हणजे तयारी नव्हे, असे आमचे मत आहे.

1919 च्या पॅरिस शांतता परिषदेचेच उदाहरण घेऊ. नियोजित राष्ट्रसंघाच्या सनदेत समतेचे तत्त्व यावे, असा जपानचा आग्रह होता. अखेरीस ‘वंश’ हा शब्दही गाळून, राष्ट्रांची समानता व त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक एवढ्याच तत्त्वाचा उल्लेख प्रस्तावनेत असावा, अशी मागणी माकिनो नोबुआकी यांनी 11 एप्रिल रोजी राष्ट्रसंघ आयोगापुढे मांडली. 17 पैकी 11 मते अनुकूल पडली. तरीही एकमत नसल्याचे कारण देऊन अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ती अमान्य ठरवली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज आयोगाचे सदस्य नव्हते. पण त्यांच्या विरोधाचे ओझे ब्रिटनच्या रॉबर्ट सेसिल यांना वाहावे लागले.

समता हे मूल्य आमच्या विद्यार्थ्यांना रोजच्या वंदनेइतके परिचित आहे. साहजिकच प्रत्येकाला माकिनो व्हायचे असते. सेसिल कोणालाच नको असतो. “हे मी कोणत्या तोंडाने बोलू?” असे विद्यार्थी विचारतो, तेव्हाच खऱ्या तयारीला प्रारंभ होतो. त्याची भूमिका बदलून देऊ नये. आपल्या देशाचे हित कोणते, भय कशाचे आणि मागे दडपण कोणाचे, हे त्याने शोधावे. अन्याय पुष्कळदा सभ्य भाषेत, नियमांचा आधार घेऊन केला जातो. ती भाषा स्वतः बोलून पाहिली म्हणजे पुढे ओळखता येते.

माकिनो होणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. त्याच सुमारास जपान कोरियातील स्वातंत्र्य आंदोलन चिरडत होता आणि चीनच्या शांतुंग प्रांतातील जर्मन हक्क स्वतःसाठी मागत होता. तरीही चीनने जपानच्या या मागणीला अनुकूल मत दिले. ते का, याचा विचार चीनच्या पाटीमागे बसणाऱ्या विद्यार्थिनीने आधीच केलेला असावा.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. युक्तिवाद कितीही कठोर असो, हेटाळणी नको. आणि परिषद संपताच पाट्या उतरवून प्रत्येकाने स्वतःच्या नावाने मत सांगावे. त्या आयोगात भारताला जागा नव्हती; तेथे कोण बसले असते आणि काय बोलले असते, हेही तेव्हाच विचारावे. हा शेवटचा तास वेळेअभावी गाळण्याचा मोह होतो. तो गाळायचाच असेल, तर परिषद न भरवलेली बरी.