बोटांची विद्या

बँकेतल्या काकांचा वेग पाहणे हा माझा जुना छंद. पुढ्यात काळा पडदा, त्यावर हिरव्या अक्षरांच्या २४ ओळी, एका ओळीत ८० अक्षरे. (हे ८० म्हणजे आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रे पाडलेल्या कार्डाचा वारसा!) पुढचा तक्ता पडद्यावर उमटण्याआधीच काकांची बोटे त्यातले आकडे दाबून मोकळी होत.

काही वर्षांपूर्वी तिथे ब्राउझर आला. चित्रे आली, रंग आले, माउस नावाचा उंदीरही आला. नवी मुलगी दोन दिवसांत तयार झाली. पूर्वी संकेतांक पाठ करण्यातच महिने जात. काका मात्र बाण नेमक्या चौकोनात नेता नेता अडखळू लागले. रांग कुरकुरली. मीही घड्याळाकडे पाहिले.

"सर," ते ओशाळून म्हणाले, "बोटांना येत होतं, ते आता डोळ्यांना शिकवतोय."

मी वरमलो. ब्राउझरलाही टॅबची कळ कळते. नेहमीच्या कामांना कळा नेमून देता येतात. पण पडदा बदलणाऱ्यांनी काकांना विचारलेच नव्हते! आणि वर्गात नवे पुस्तक उघडताना मी तरी कुठे विचारतो, पोरांनो, तुम्हांला आधीचे काय येते?