फुटलेलं व्हील परत देऊ नका

"सर, हे वॉरंटीत बसत नाही. एक्स्टर्नल इम्पॅक्ट आहे."

नांदेड असो की लातूर, अलॉय व्हीलला तडा गेलेली गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात नेली की बहुधा हेच ऐकायला मिळतं. सल्लागार मोबाईलच्या उजेडात रिम न्याहाळतो, फोटो काढतो, कंपनीला पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर येतं : खड्ड्यात आदळलं म्हणून फुटलं. धातू कुणी तपासलेला नसतो. एक्स-रे निघालेला नसतो. तडा नेमका कुठून सुरू झाला, तेही कुणी पाहिलेलं नसतं. तरी निर्णय पक्का, आणि नव्या व्हीलचे पैसे ग्राहकाने भरायचे.

कंपनीचं म्हणणं दरवेळी खोटं असतं, असं मी म्हणत नाही. खड्ड्यात आदळून चांगलं व्हीलही फुटतं. पण ओतकामात दोष राहिला तरी फुटतं. आणि कित्येकदा दोन्ही कारणं एकत्र येतात : धातूच्या पोटात बारीक पोकळी राहिलेली असते आणि एरवी सहज पचला असता असा दणका नेमका तिथे पचत नाही. यातलं काय झालं ते त्या फुटलेल्या तुकड्यालाच ठाऊक. त्याला न विचारता निकाल द्यायचा, याला माझा ठाम विरोध आहे.

गॅरेजमध्ये ज्याला मॅगव्हील म्हणतात ते हल्ली बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचं असतं. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडं मॅग्नेशियम. वितळलेला धातू साच्यात भरतात, मग ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात थंड करतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या वर काही तास ठेवतात. व्हीलला ताकद येते ती या तापवण्या-थंड करण्यातून. साच्यात वायू अडकला किंवा धातू गोठताना आक्रसला तर आत छिद्रं राहतात. ती शोधण्यासाठीच चांगल्या कारखान्यांत व्हीलचा एक्स-रे काढतात. म्हणजे असा दोष राहू शकतो हे कारखान्याला पहिल्यापासून माहीत असतं.

जुन्या लोखंडी डिस्कची गोष्ट वेगळी होती. ती वाकायची. पंक्चरवाला हातोड्याने बेंड काढून द्यायचा आणि गाडी पुढे निघायची. ओतीव अॅल्युमिनियम तेवढं वाकत नाही, तडकतं. त्यात टायरची उंची घटत गेली. आकड्यात ६५ किंवा ७० लिहिलेल्या टायरच्या जागी ५५ आणि ५० आले, रिम आणि रस्ता यांच्यातलं रबर कमी झालं. तडा बहुधा आतल्या बाजूच्या कडेला जातो, कारण तिथे आधाराला आरे नसतात. बाहेरून व्हील शोरूममधल्यासारखं चकचकीत आणि हवा मात्र दर दोन दिवसांनी कमी. नांदेडच्या एका टायरवाल्याने मला चाक उतरवून, आतून साबणाचं पाणी लावून दाखवलं. केसाएवढ्या रेघेतून बुडबुडे येत होते. "सायेब, हे बाहेरून जन्मात दिसलं नसतं," तो म्हणाला.

आमचा रस्ता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तुळजापूरहून निघतो आणि औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत यवतमाळ, वर्ध्याकडून बुटीबोरीला जातो. टप्प्याटप्प्याने तो चौपदरी झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. पण दवाखाना, शिकवणी, लग्न, शेत, देवदर्शन यांसाठी फिरणारा माणूस दिवसभर महामार्गावर नसतो. फाट्यावरून तो गावच्या रस्त्याला वळतो आणि खाली काळी माती असते. पावसात फुगायची, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळायची, हा तिचा स्वभाव. भराव नीट नसला की वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं, तडकतं, पाणी आत शिरतं आणि चौकोनी काठाचा खड्डा तयार होतो. हंगामात त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. शिवाय गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा सांगितला आहे. आपल्याकडे रात्रीतून उठलेल्या उंचवट्यांना ना माप, ना पांढरा पट्टा.

अलॉय व्हीलची जगभर मान्य असलेली आघात चाचणी आयएसओ ७१४१ या मानकात आहे. टायर चढवलेलं व्हील १३ अंशांत तिरकं बसवतात आणि २३० मिलिमीटरवरून त्यावर वजन सोडतात. वजन ठरतं व्हीलच्या कमाल भारावरून : त्याच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. सहाशे किलो भाराच्या व्हीलवर ५४० किलो पडतात. चाचणी कडक आहे, पण ती फुटपाथच्या काठाला बाजूने बसणाऱ्या धडकेची नक्कल आहे. चाकूर-अहमदपूरकडच्या माणसाचं व्हील खड्ड्याच्या काठावर समोरून आदळतं आणि आतल्या कडेने जातं. जाहिरातीत हीच गाडी दगडगोट्यांतून उड्या मारताना दाखवायची आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत खराब रस्त्याचं नुकसान बारीक अक्षरांत वगळायचं, हे मला पटत नाही.

कायद्यालाही ते सहजासहजी पटणारं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची व्याख्या करताना विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यातली उणीवही धरली आहे. आणि कलम ३८ मध्ये आपल्या कामाची तरतूद आहे : तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोगाने वस्तूचा नमुना घ्यायचा, मोहोरबंद करायचा आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा. प्रयोगशाळेने ४५ दिवसांत किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत अहवाल द्यायचा. तपासणीचं शुल्क तक्रारदाराला भरायला सांगू शकतात, ही त्यातली अडचण. पण तुकड्याची साक्ष काढण्याचा हाच रस्ता आहे.

म्हणून शीर्षकात म्हटलं ते पुन्हा सांगतो. "गुडविलमध्ये निम्मे पैसे कंपनी देईल, जुनं व्हील इथे जमा करा," असं कुणी म्हणालं की सही करण्याआधी थांबा. व्हील गेलं की पुरावा गेला. आर्गन वेल्डिंगही तक्रार मिटेपर्यंत करू नका. त्याने तड्याचं तोंड वितळून जातं, आणि त्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची कमावलेली ताकदही उतरते. तसं व्हील घालून मुलाबाळांसह शंभरच्या वेगाने जाणं धोक्याचं आहे. जॉबकार्डवर "हवा कमी होते, आतून तडा" असं लिहून घ्या. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. "तपासणी कुणी, कशाने केली?" हाही प्रश्न लेखीच विचारा. बाहेरून मोठ्या मापाची व्हील्स बसवली असतील तर मात्र गाडीच्या कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.

दावा कशाचा करायचा, हेही नीट ठरवावं. संतापाच्या भरात लोक नवी गाडीच मागतात. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वॉरंटीच्या अटीप्रमाणे जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची आहे, असं धरलं. तेव्हा व्हील मागा, तपासणीचा खर्च मागा, झालेल्या त्रासाची भरपाई मागा. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्याने जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून दिल्याचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या चुकीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही. कुणाचं उत्तरदायित्व कुठे संपतं, हे ग्राहकाला आधी कळत नाही. एकालाच पकडलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटू शकतो.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. लातूरच्या माणसाने पुण्याला किंवा दिल्लीला जायची गरज नाही. गाडीला मोजलेली किंमत १० ते २० लाखांत असेल तर शुल्क ४०० रुपये, ५ ते १० लाखांत असेल तर २००. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. काही प्रकरणं तिथेच मिटतात.

"मग विम्यातून घ्या ना," असं काउंटरवरून सुचवतात. विमा घेता येतो, पण हिशेब करून. धातूच्या भागांवर पहिल्या सहा महिन्यांनंतर घसारा लागतो, तिसऱ्या वर्षात १५ टक्के, पाचव्यात ३५. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले. त्यावर नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. एका व्हीलसाठी हा व्यवहार पुष्कळदा तोट्याचा ठरतो. आणि दोष कारखान्याचा असेल तर त्याची किंमत आपल्या विम्यातून का जावी?

रस्ता करणाऱ्यालाही यातून सोडता येत नाही. कंत्राटात दोषदायित्वाचा काळ असतो, म्हणजे रस्त्यालाही वॉरंटी असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. जीव गेल्यावरची किंवा माणूस जखमी झाल्यावरची ही तरतूद आहे. फुटलेल्या रिमचा हिशेब अजून कुठेच मांडला जात नाही. तरी महामार्गावरचा खड्डा असेल तर १०३३ वर तिथल्या तिथे तक्रार नोंदवा, किलोमीटरच्या दगडासह फोटो ठेवा.

माझी मागणी राज्य सरकारकडे आहे. ग्राहक कायद्यानुसार प्रयोगशाळांना मान्यता देण्याचा अधिकार राज्यालाही आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून काम करते, पण अहमदपूरच्या माणसाने एक व्हील घेऊन तिथपर्यंत कसं जायचं? नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथल्या प्रयोगशाळेची क्षमता तपासून धातू तपासणीसाठी तिला मान्यता द्यावी, जिथे कमी पडेल तिथे साधनं द्यावीत आणि वाजवी दर ठरवून द्यावा. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा आयोगांना मग मोहोरबंद नमुना दोन-तीन तासांच्या अंतरावर पाठवता येईल.