पक्कड, पाने आणि ड्रिल मशीन : घ्यावे कोणते, विकावे कोणते?

आपल्या वाचक-कुटुंबांपैकी पुष्कळांची अकोला-अमरावतीत हार्डवेअर अथवा इलेक्ट्रिकल सामानाची दुकाने आहेत. ज्यांची नाहीत, त्यांच्या घरी, गोदामात किंवा जिनिंगमध्ये मिस्त्री येतोच. म्हणून या वेळी अवजारांच्या कंपन्यांचा विचार घेणारा आणि विकणारा अशा दोन्ही बाजूंनी करावयाचा आहे.

हा विषय आताच घेण्यास कारण आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, कुलूप बनविणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाख रुपयांपर्यंत कर्ज, १८ महिन्यांत फेडीचे, अशी तिची रचना आहे. पूर्ण लाखाची उचल केली तर मासिक हप्ता सुमारे ५,८०० रुपये पडतो. यंत्र चार दिवस दुरुस्तीला पडले तर मजुरी बुडते. हप्त्याची तारीख मात्र हलत नाही. कर्जप्रकरणे पाहण्यात माझी नोकरी गेली, म्हणून मला अवजाराची किंमत त्यावरील छापील आकड्यात कधीच दिसत नाही.

उदाहरणादाखल हिशेब करू. एक ड्रिल मशीन २,००० रुपयांचे, एक वर्ष चालणारे आणि वर्षात चार दिवस बंद राहणारे. दुसरे ४,००० रुपयांचे, चार वर्षे चालणारे आणि वर्षात एक दिवस बंद राहणारे. मिस्त्रीची मजुरी दिवसाला ९०० रुपये धरली, तर पहिल्याचा वार्षिक खर्च ५,६०० आणि दुसऱ्याचा १,९०० रुपये येतो. ज्या घरी वर्षातून चार वेळा भिंतीला छिद्र पाडावयाचे असते, तिथे मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे स्वस्त यंत्र घेणे हाच शहाणपणा, आणि दुकानदाराने तसे स्पष्ट सांगावे.

हाताच्या अवजारांत आपल्याकडे पहिले नाव टपारियाचे निघते, आणि ते योग्यच आहे. स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ मध्ये या कंपनीने उत्पादन सुरू केले. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आहे. पक्कड, पाने, पेचकस यांत किंमत आणि टिकाऊपणा यांचा एवढा चांगला मेळ दुसरीकडे क्वचित आढळतो. मोजपट्टी व पटाशी यांसाठी अनेक सुतार स्टॅनले मागतात. जर्मनीच्या वुपरटाल येथील क्निपेक्सची पक्कड कितीतरी पट महाग असते. दिवसभर पॅनेलमध्ये काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने ती घ्यावी. घरच्या खणात ठेवण्यासाठी तो पैसा वाया जाईल.

अस्सल मालाच्या नकलाही बाजारात फिरतात. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. जबडे सारखे टेकले पाहिजेत आणि रिव्हेटजवळ खेळ नसावा. पाना नटावर सैल बसत असेल तर तो नटाचे कोपरे गोल करतो. मग तो कितीही चमकत असो, परत ठेवावा. विजेच्या कामासाठी केवळ रंगीत मुठीवर विश्वास ठेवू नये. आयईसी ६०९०० हे मानक आणि १००० व्होल्टची खूण कोरलेली असेल तरच तो पेचकस विद्युतरोधक समजावा. येथे दहा-वीस रुपयांच्या नफ्यापुढे एखाद्याचा जीव असतो.

विजेच्या अवजारांत कंपनीइतकीच तिची श्रेणी महत्त्वाची असते. बॉशचे निळे यंत्र व्यावसायिकासाठी, हिरवे घरगुती वापरासाठी. डिवॉल्ट आणि ब्लॅक अँड डेकर ही दोन्ही नावे २०१० पासून स्टॅनलेसह एकाच समूहात आहेत. पहिले कारागिरासाठी, दुसरे घरासाठी. हिताची कोकीचेच २०१८ मध्ये हायकोकी झाले, हे कित्येक जुन्या ग्राहकांना ठाऊक नसल्याने ते त्या यंत्राकडे नवखे म्हणून पाहतात. जपानची मकिता सुतारकामासाठी मला विशेष पसंत आहे. चिनी डोंगचेंग व इंगको यांच्या किमती आकर्षक असतात. सर्वांना एकाच मापाने मोजू नये, पण घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : याचे कार्बन आणि आर्मेचर आपल्या गावात कोणाकडे मिळते? मूर्तिजापूर किंवा दर्यापूरच्या मिस्त्रीसाठी या प्रश्नाचे उत्तर वॅटच्या आकड्यापेक्षा मोलाचे आहे. तसेही खोक्यावरचे वॅट सहसा यंत्र किती वीज ओढते ते सांगतात. ते काम किती करते ते नव्हे. वॉरंटीतून कार्बनसारखे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात, हेही बिल देतानाच सांगावे.

बॅटरीच्या यंत्रांबाबत एक गैरसमज दूर करतो. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स या बहुधा एकाच पाच सेलच्या बॅटरी असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल चारच्या आसपास व्होल्ट दाखवतो, कामाच्या वेळी सरासरी ३.६. त्या दोन आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. मात्र एका कंपनीची बॅटरी दुसरीला बसत नाही. म्हणून पहिले यंत्र घेताना पुढच्या तीन यंत्रांचा विचार करावा. शिवाय अकोल्याचा मे महिना आणि पत्र्याचे शेड यांत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

ग्राइंडरबाबत मी जरा कठोर आहे. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर लिहिलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी असेल, तिच्या मधल्या कडीवरील मुदत संपली असेल, किंवा गार्ड काढून मोठी चकती बसवावयाची असेल, तर तो माल विकूच नये. ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल, जाऊ द्यावा.

आता गल्ल्याकडे. यंत्रे व बहुतेक हातअवजारे यांवर १८ टक्के जीएसटी आहे. खुरपे, विळा, कुदळ अशा शेतीच्या हातअवजारांवर नाही. नोंदणीकृत ग्राहकाला भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून त्याने बिलासह घेतलेले यंत्र आणि बिनबिलाचे यंत्र यांची तुलना करवगळून करावी. बिनबिलाच्या मालाची स्वस्ताई तिथे बरीचशी विरते. आणि विक्रेत्याने आठ कंपन्यांचे दोन-दोन नग मांडण्यापेक्षा दोन कंपन्या निवडून त्यांचे कार्बन, चक, स्विच भरपूर ठेवावेत. सुट्या भागांत अडकलेली रक्कम लहान असते आणि तिच्यासाठी मिस्त्री पुन्हा त्याच पायरीवर येतो. आठव्या कंपनीचे न खपलेले मशीन मात्र कॅश क्रेडिटवर महिन्याच्या महिन्याला व्याज खात बसते.